वामनदादांच्या गाण्याची नोंद कोण ठेवणार?

आज आंबेडकरी चळवळीचे कवी-गायक वामनदादा कर्डक यांची जयंती. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी ते जन्मले. स्वातंत्र्यदिन आणि ही जयंती एकाच तारखेला येते, त्यामुळे झेंडावंदनाच्या गडबडीत वस्तीबाहेर तिची आठवण फारशी निघत नाही. बुद्धविहारात फोटोला हार घातला जातो, संध्याकाळी एखादी गायन पार्टी बसते, रात्री उशिरापर्यंत गाणी रंगतात आणि चार गल्ल्या पलीकडे त्याचा पत्ताही नसतो. २०२२ साली जन्मशताब्दीचे कार्यक्रम झाले, तेही बहुतेक चळवळीच्याच अंगणात. मराठी संगीताच्या अंगणात वामनदादांची शताब्दी साजरी व्हायची राहून गेली आहे, असे आम्हाला वाटते.

नागपूरच्या धंतोलीत बसून हे लिहिताना ही उणीव अधिक जाणवते. धंतोली म्हटले की दवाखाने, वकील-डॉक्टरांचे जुने बंगले, रामकृष्ण मठ अशी ओळख सांगितली जाते. पण यशवंत स्टेडियम आणि पटवर्धन मैदानही धंतोलीचेच. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत राज्यभरातले मोर्चेकरी आणि धरणेकरी इथे उतरतात. डिसेंबरच्या थंडीत मंडपात सतरंज्या पडतात, पुढारी यायला अवकाश असतो, तेवढ्यात कुणीतरी ढोलकीच्या कड्या सरकवून सूर जुळवतो, हार्मोनियमचा भाता हलू लागतो आणि भाषणांच्या आधी गाणे सुरू होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तर वर्धा रोडने, काँग्रेसनगरातून, रहाटे कॉलनीच्या चौकातून माणसांची रीघ दीक्षाभूमीकडे लागलेली असते आणि भोजनदानाच्या मंडपामंडपातून कर्ण्यावर गाणी ऐकू येतात. या भागातल्या कित्येक घरांना त्या चाली पाठ आहेत. मुखडा कानावर पडला की पुढची ओळ ओठांवर येते. गाणे कुणी रचले असे विचारले, तर मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. त्यातली कितीतरी गाणी वामनदादांची असतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, गुलामीतून कायद्याने सुटलेल्या पण बटईच्या शेतीत पुन्हा अडकलेल्या काळ्या माणसांनी जे गाणे घडवले त्याला जग ब्लूज म्हणून ओळखते. वामनदादा हे महाराष्ट्राचे ब्लूज गायक होते, असे आम्ही म्हणतो. त्यांना परदेशी प्रमाणपत्र मिळवून देण्याचा त्यात हेतू नाही, त्यांना त्याची गरजही नाही. या दोन गाण्यांना शेजारी बसवले की आपल्या हातून काय निसटले ते लख्ख दिसते, एवढेच. त्या देशाने, उशिरा का होईना, ब्लूजला संगीत म्हणून ऐकले, त्याच्या तबकड्या जपल्या, तारखा लिहून ठेवल्या. आपण वामनदादांच्या गाण्यातला विचार उचलला आणि गाणे तिथेच सोडून दिले. चळवळीचा निष्ठावंत प्रचारक म्हणून त्यांना मान मिळाला. संगीतकार म्हणून त्यांच्याकडे बघायचे मात्र राहिले.

ही तुलना नागपूरला तरी परकी वाटू नये. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या आणि हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. धंतोलीच्या शेजारच्या कॉटन मार्केटात आता भाजीपाला विकला जातो, पण नावात तो कापूस अजून शिल्लक आहे. ज्या पिकाने तिकडे ब्लूज गाणाऱ्यांच्या आज्या-पणज्यांना राबवले, त्याच पिकाने इकडे पऱ्हाटीत वेचणीला वाकलेल्या बाया आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणारे पुरुष घडवले. नागपूरच्या गिरण्यांत अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या जातींचे कामगार मोठ्या संख्येने होते. वसंत मून यांनी 'वस्ती' या आत्मकथनात सीताबर्डीतला जो महारपुरा उभा केला आहे, तो धंतोलीपासून पायी जाण्याच्या अंतरावरचा. आंबेडकरी गाण्याला डोक्यावर घेणारा नागपूरचा श्रोता या गिरण्यांतून आणि या वस्त्यांतून आला.

वामनदादांची स्वतःची वाटही गावाकडून गिरणीकडेच गेली. देशवंडीत शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईला आले ते शिवडीच्या बीडीडी चाळीत. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले. एकदा कुणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखव म्हटले. वामनदादांना अक्षर लागेना. आपल्याला वाचता येत नाही हे दुसऱ्याला सांगण्याची ती वेळ त्यांना इतकी लागली की ते रडले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी शिकून घेतली. जोडाक्षरे राहिली होती, ती रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून पक्की केली.

जिद्दीचा नमुना म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. आम्हाला त्यात त्यांच्या शैलीचे मूळही दिसते. अक्षरओळख होईपर्यंत या माणसाच्या कानात सिन्नरकडची बोली, तमाशाच्या फडातली सवाल-जवाबाची रीत, भजनाच्या चाली आणि चाळीतल्या नळावरची मराठी साठून राहिली होती. अक्षरे आली ती या कानाच्या मदतीला आली. शेवटपर्यंत त्यांच्या गाण्यात एकदा ऐकून न कळणारा शब्द सहसा सापडत नाही. ज्यांनी मराठी पुस्तकातून शिकली त्यांना हे साधे वाटते. तसे लिहून पाहावे, म्हणजे त्यातली अवघड जागा कळते.

३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, एका हिंदी गाण्याचे विडंबन. ऐकणाऱ्यांना ते आवडले आणि मग हात थांबला नाही. त्याच १९४३ साली मिसिसिपीतल्या स्टोवॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा ब्लूज गायक मडी वॉटर्स शिकागोला निघून गेला. तिथे दिवसा कारखान्यातली मजुरी आणि रात्री गाणे. एक शिवडीत, दुसरा शिकागोत, दोघांनाही गावाने माणूस म्हणून धड जागा दिली नव्हती आणि शहराला त्यांचे फक्त हात हवे होते. आवाज त्यांनी स्वतः कमावला. पुढे शिकागोच्या गोंगाटात साध्या गिटारीचा सूर पोचेना तेव्हा मडी वॉटर्सने विजेवरची गिटार हातात घेतली. इकडे चाळींच्या चौकात आणि उघड्या मैदानात कर्णा आला, हार्मोनियम-ढोलकीच्या जोडीला बेंजो आला, टाळीचा ठेका आला.

दोघांत एक फरक मात्र फार मोठा होता. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन स्टोवॉल मळ्यावर गेला होता. त्याने मडी वॉटर्सचे गाणे टिपले आणि पुढे त्या तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलर त्याला पाठवून दिले. शिकागोला जाण्यापूर्वी त्या शेतमजुराने स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकलेला होता. आपणही गायक होऊ शकतो हे त्याला तेव्हा पटले, असे तो नंतर सांगत असे. शिवडीच्या चाळीत १९४३ साली असे यंत्र घेऊन कुणी आले नाही.

वामनदादा पोकळीतून उगवले नाहीत. सत्यशोधकी जलसे होते, त्यातून आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल, त्यांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार सांगितले जातात. पण जलशाला माणसे लागतात, सोंगे लागतात, रात्र लागते. वामनदादांनी जलशातले बळ एका सुट्या गाण्यात आणले. एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि मागे चार आवाज असले की ते गाणे कुठल्याही गावच्या समाजमंदिरात उभे राहते. तेही नसले तर खंजिरीवर चालते. महाराष्ट्रभर पायपीट करणाऱ्या माणसाला असेच गाणे हवे होते. मराठी गाण्याच्या इतिहासात हा बदल फार महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे.

ते गाणे मंचावर कसे उभे राहते ते बघण्यासारखे असते. मुख्य गायक मुखडा म्हणतो, कोरस तो उचलतो. अंतऱ्याची पहिली ओळ गायक दोनदा म्हणतो, बैठक रंगली असेल तर तीनदा, दर वेळी सूर थोडा वर नेत. पहिल्या खेपेला श्रोता शब्द ऐकतो. दुसऱ्या खेपेला अर्थ उतरतो आणि पुढे काय येणार याची ओढ लागते. मग ती ओळ फिरवणारी दुसरी ओळ येते, यमक नेमक्या जागी पडते, ढोलकी थाप देऊन थांबते आणि कोरस मुखड्यावर झेपावतो. मंडपातून कुणी उठून नोट हातात ठेवतो, गायक गाणे न तोडता बक्षीस देणाऱ्याचे नाव घेतो आणि त्याच श्वासात पुन्हा ओळीवर येतो. बारा मात्राखंडांच्या ब्लूजचा हिशेबही असाच असतो. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ. दोन्हीकडे कारण एकच आहे. ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नाही, जे काही न्यायचे ते डोक्यात न्यायचे आहे. पुनरावृत्ती ही तिथे शब्दांची उधळपट्टी ठरत नाही, ती पाठांतराची सोय असते. बंदिशीतला एकच शब्द पंधरा अंगांनी सांगणाऱ्या ख्याल गायकाला आपण दाद देतो. या गाण्यातल्या पुनरावृत्तीला दाद द्यायला मग काय हरकत होती?

शेवटच्या कडव्यात 'वामन' ही मुद्रिका येते. चोखोबा, तुकोबांपासून चालत आलेली ही रीत. पण वामनदादांच्या बाबतीत तिला आणखी एक काम करावे लागले. गाणे गावोगाव फिरते, गायक बदलतो, चाल बदलते, कॅसेटवर भलत्याचाच फोटो येतो. मुद्रिका मात्र मात्रांत आणि यमकात अशी बसवलेली असते की ती काढली तर कडवे कोसळते. मोबदल्याची आणि हक्काची कागदपत्रे ज्याच्या हाती कधी आली नाहीत, त्या माणसाने आपल्या गाण्यावर ठेवलेली ही सही आहे.

सिनेमाच्या चाली उचलल्या, हा या गाण्यावरचा नेहमीचा आक्षेप. काही चाली उचलल्या, हे खरे. चाल आधीच सगळ्यांना पाठ असली की गावात पाऊल ठेवल्याबरोबर शंभर माणसांचा कोरस तयार मिळतो, तालमीची गरज पडत नाही. ब्लूज गाणाऱ्यांनीही एकमेकांच्या चाली आणि अख्ख्या ओळी सर्रास वापरल्या, त्याला तिथले अभ्यासक परंपरेचा साठा मानतात. शिवाय वामनदादांनी स्वतःच्या चालीही बांधल्या, गझलही लिहिली, मराठी चित्रपटांतही त्यांची गाणी आली. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे संग्रह चाळले तरी वृत्तांची आणि लयींची त्यांच्याकडची विविधता ध्यानात येते.

ब्लूजपासून ते वेगळे पडतात ती जागाही सांगितली पाहिजे. ब्लूजचा गायक बहुधा एकट्याचे दुःख गातो. प्रेयसी निघून गेली, घरात पुराचे पाणी शिरले, खिशात दमडी नाही. त्या एकट्यामागे सगळा समाज उभा असतो, पण तसे उघड म्हणणे जिवावर बेतण्यासारखे होते. वामनदादा पहिल्यापासून 'आम्ही' म्हणून उभे राहतात आणि अन्याय करणाऱ्याला नाव घेऊन विचारतात. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेत धनातल्या आपल्या वाट्याचा हिशेब मागणारे त्यांचे गाणे आजही मोर्च्यात हमखास म्हटले जाते. त्यांच्या गाण्याच्या मध्यभागी बाबासाहेब आहेत, तसे केंद्र ब्लूजला नव्हते. यावरून भीमगीत म्हणजे निव्वळ स्तुती असा समज करून घेतला गेला आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतरची त्यांची गाणी नीट ऐकावीत. त्यांत बाबासाहेबांचे नाव घेऊन ते मागे राहिलेल्यांना जाब विचारतात. गट कशाला पाडले, शिकून मोठे झालात तर वस्तीकडे का फिरकत नाही, हे प्रश्न जयंतीच्या मंचावर, पुढारी समोर बसलेले असताना गाऊन विचारायचे होते. ते त्यांनी विचारले, आणि लोकांनी ते ऐकून घेतले, कारण विचारणारा त्यांच्यातलाच होता आणि चाल सोडवत नव्हती.

विदर्भाने त्यांना कवी म्हणून ओळखले, याचा अभिमान वाटावा. १९९३ मध्ये वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वामनदादा होते. दुकानांच्या पाट्यांवरून जोडाक्षरे शिकलेला माणूस साहित्यिकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष होतो, ही घटना मराठीत वारंवार घडलेली नाही. संगीताच्या बाजूने मात्र असे काही झाले नाही. खरे तर काळ्या अमेरिकेकडे जाणारी वाट आपल्याकडे फार आधी तयार झाली होती. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिथल्या काळ्या लेखकांची ओळख दलित लेखकांना करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच तिकडून आलेले. त्या वाटेने कविता आली, आत्मकथन आले, विद्यापीठांतून प्रबंध झाले. ब्लूज आणि भीमगीत यांची भेट घालून द्यायचे मात्र मागे पडले, कारण साहित्याच्या अभ्यासकांना सूर आपला विषय वाटला नाही आणि संगीताच्या अभ्यासकांना वस्ती आपला विषय वाटली नाही.

प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. त्यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी महाराष्ट्रातल्या कोणत्या देवळात लागत नाहीत? आषाढीला धंतोलीतल्या घरांतूनही त्यांचा आवाज ऐकू येतो. त्याच गळ्याने, त्याच ताकदीने गायलेली भीमगीते त्याच घरांत लागत नाहीत. आवाज आवडला होता, गायकी कळली होती, मग अडले कुठे याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

अमेरिकी सिनेटने २००३ हे ब्लूजचे वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ मे २००४ रोजी वामनदादा नाशिकला गेले. पाच-सहा आठवड्यांत, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. आणि नागपूरला तर या पिढीचा एक निरोप डोळ्यांदेखत घ्यावा लागला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी लोकशाहीर विठ्ठल उमप एका वाहिनीच्या उद्घाटनासाठी दीक्षाभूमीवर आले होते. तिथे व्यासपीठावरच ते कोसळले. गोंधळ, भारूड, पोवाडा, कोळीगीत, कव्वाली असे सगळे प्रकार एका गळ्यात सामावलेला हा कलावंत आपल्या शहरात गेला. या तिघांची गायकी तिघांच्या तीन तऱ्हांची. त्यांतल्या साम्याचा आणि भेदाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा म्हटला तर तो कशावरून करायचा, हा आजचा खरा प्रश्न आहे.

रॉबर्ट जॉन्सन हा ब्लूज गायक १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी वारला. उभ्या आयुष्यात त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, १९३६ मध्ये सॅन अँटोनिओत आणि १९३७ मध्ये डॅलसला. कोणते गाणे कोणत्या दिवशी गायले, एकाच गाण्याचे दोन पाठ असतील तर आधीचा कोणता, हे सगळे लिहिलेले आहे. त्या देशाने हे काही सहजासहजी आणि वेळेवर केले नाही. बेसी स्मिथसारखी गायिका १९३७ मध्ये गेली, तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले. पण केले. आपल्याकडे आंबेडकरी गाण्याचा मोठा ठेवा आहे तो कॅसेटींत. ऐंशी-नव्वदच्या दशकात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चादर अंथरून ज्या विकल्या गेल्या, त्यांतली एखादी आज हातात घेऊन बघावी. कागदावर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव बारीक, ढोलकी कुणाची आणि बेंजो कुणाचा याचा बहुधा उल्लेख नाही, तारीख नाही. आतल्या फितीला बुरशी लागलेली, टेपरेकॉर्डर तर घरात उरलेलाच नाही. जुनी गाणी आता फोनवर फिरतात, पण फिरताना रचनाकाराचे नाव गळते आणि मुद्रिकेचे शेवटचे कडवेच कापलेले असते.

गाणे संपलेले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात आणि ती लाखो फोनांवर ऐकली जातात. मिसिसिपीतली गरीब पोरे घराच्या भिंतीला एक तार ठोकून तिच्यावर गाणे शिकत, बड्या ब्लूज गायकांपैकी अनेकांची सुरुवात त्या एका तारेवर झाली. मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव भरू लागला आणि लुइझियानाच्या बटईदार कुटुंबात जन्मलेला बडी गाय तिथे येऊन गायला. मुंबईकर रसिकांनी त्याला जो मान दिला तो त्याच्या गाण्याचा होता, आणि तो देणे योग्यच होते. त्याच रसिकतेने शिवडीतला वामन ऐकावा, एवढेच मागणे आहे.

हे काम नागपुरात सुरू होऊ शकते. १९४८ पासून चालत आलेले आकाशवाणीचे केंद्र इथे आहे, विद्यापीठ आहे, दरवर्षी लाखो माणसे आपणहून येतात ती दीक्षाभूमी आहे. विजयादशमीच्या त्या दोन-तीन दिवसांत खेड्यापाड्यातल्या जुन्या गायन पार्ट्यांची माणसे, वामनदादांच्या मागे ढोलकी धरलेले, कोरस दिलेले, त्यांच्या वह्या उतरवून घेतलेले लोक याच रस्त्यांवरून जातात. त्यांतले बरेचसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठाने आणि आकाशवाणीने यंदा एक साधा मंडप टाकावा. त्यांच्या कॅसेटी आणि वह्या उसन्या घेऊन प्रती काढाव्यात आणि मूळ वस्तू पावतीसह परत कराव्यात. प्रत्येक गाण्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: चाल मूळ की उचललेली, पहिल्यांदा कुठे ऐकले, गायले कुणी, साथीला कोण होते. संगीत विषय घेतलेले विद्यार्थी त्या मंडपात स्वरलेखनाला बसवावेत आणि त्या कामाचे गुण त्यांना द्यावेत. पुढच्या १५ ऑगस्टपर्यंत शंभर गाण्यांची अशी नोंद झाली, तर त्यातल्या चुका दुरुस्त करायला वामनदादांबरोबर गायलेली माणसे अजून हयात आहेत.